गंजलेला बससांगाडा आणि त्याच्या आडच्या वाहिन्या

१. विषयाचे स्वरूप

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने चिंचवडकडे निघाले असता दापोडी, कासारवाडी, वल्लभनगर व पिंपरी ही ठिकाणे एकामागून एक लागतात. या थोड्याशा टापूत मोटारगाडीचे जन्मापासून जीर्णावस्थेपर्यंतचे सारे आयुष्य पाहावयास मिळते. पिंपरी-चिंचवड येथे पूर्वी टेल्को या नावाने ओळखला जाणारा टाटा मोटर्सचा कारखाना आहे. आकुर्डीस पूर्वीच्या बजाज टेम्पोचा, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचा कारखाना आहे. दापोडीस राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा, वल्लभनगरास एस.टी.चे आगार, निगडी व भोसरी येथे पुणे महानगर परिवहनाची आगारे आहेत, आणि भोसरीसच १९६७ साली स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था आहे. गाडी घडविणे, चालविणे, दुरुस्त करणे आणि तिचा अभ्यास करणे ही चारही कामे जेथे शेजारी शेजारी चालतात, असा प्रदेश महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल.

या टापूतील कार्यशाळांत नित्य घडणारी, परंतु अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सहसा न आढळणारी एक क्रिया प्रस्तुत लेखाचा विषय आहे. बसच्या सांगाड्याचा गंजलेला भाग कापून तेथे नवा बसविताना त्या भागाच्या मागून, आतून अथवा वरून गेलेल्या हवेच्या, इंधनाच्या व विजेच्या वाहिन्यांचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. वरकरणी तो केवळ कारागिराच्या सावधगिरीचा वाटतो. वस्तुतः त्यात धातुशास्त्र, उष्णतावहन, विद्युत्शास्त्र आणि कार्यशाळेची व्यवस्था यांचा संबंध येतो. आणि त्याचे उत्तर चुकल्यास त्याची किंमत दुरुस्ती करणाऱ्यास नव्हे, तर पुष्कळदा प्रवाशांस मोजावी लागते.

येथे अडचण अशी की, गंज दिसतो आणि वाहिनी दिसत नाही. त्यामुळे कापण्याची रेषा गंजाच्या सीमेवरून ठरविण्याकडे कारागिराचा स्वाभाविक कल असतो. ती रेषा वाहिनीच्या मार्गावरून ठरविली पाहिजे, आणि गंजाची सीमा ही छेदाची केवळ किमान मर्यादा मानली पाहिजे, असे प्रतिपादन पुढे केले आहे.

२. सांगाड्यात वाहिन्या कशा वाढत गेल्या

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या काळच्या गाड्यांत वाहिन्यांची संख्या अल्प होती. दिव्यांच्या व भोंग्याच्या मोजक्या तारा, इंधनाची नळी आणि ब्रेकची नळी एवढ्यांतच त्यांची गणना संपे. त्या बहुतेक उघड्यावर असत आणि गाडीखाली शिरून पाहणाऱ्यास त्यांचा मार्ग सहज कळे.

पुढे राज्य परिवहनाने चॅसिस उत्पादकांकडून विकत घ्यावयाचे आणि त्यावर सांगाडा, पत्रा व आसने स्वतःच्या कार्यशाळांत चढवावयाची, अशी पद्धत दीर्घकाळ चालविली. दापोडी, औरंगाबादजवळील चिकलठाणा (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूरजवळील हिंगणा ही त्या कामाची तीन केंद्रे होत. या पद्धतीचे आर्थिक लाभ पुष्कळ होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तिचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. चॅसिसवरील नळ्या व तारा कोठून जातात हे चॅसिस बनविणारा जाणतो. छतातील, खांबांतील आणि जमिनीखालील तारा कोठून जातात हे सांगाडा बांधणारा जाणतो. परंतु दोहोंचे मार्ग एकत्र दाखविणारा आराखडा पुष्कळदा कोणापाशीच नसतो. ज्या गाडीचे चॅसिस एकाने आणि सांगाडा दुसऱ्याने बांधला आहे अशा प्रत्येक गाडीस, मग ती खासगी असो वा सार्वजनिक, ही गोष्ट लागू पडते.

त्यानंतर वाहिन्यांची संख्या सतत वाढत गेली. हवेच्या ब्रेकबरोबर हवेच्या टाक्या व त्यांच्या नळ्या आल्या. भारत स्टेज ६ ही उत्सर्जन-मर्यादा १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि तिच्याबरोबर इंजिनावरील व धुराड्यावरील संवेदकांच्या तारा व युरियाच्या द्रावणाची नळी यांची भर पडली. नव्या सार्वजनिक वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून स्थाननिदर्शक यंत्र व संकटसमयी दाबावयाचे बटण बसविणे आवश्यक झाले. त्यांच्या तारा, तसेच गंतव्यफलक, कॅमेरे व उद्घोषणायंत्र यांच्या तारा, पुष्कळदा मूळ बांधणीनंतर वेगवेगळ्या हातांनी ओढल्या जातात. जेथे पोकळी मिळेल तेथून तार नेणे हा अशा कामाचा नियम असतो, आणि गाडीतील सर्वांत सोयीची पोकळी म्हणजे सांगाड्याचा चौकोनी नळीसारखा खांब. अशा रीतीने जो खांब केवळ भार वाहण्यासाठी योजला होता तो तारांचा मार्गही झाला. २४ व्होल्टच्या मंडलात परतीचा विद्युत्प्रवाह सांगाड्यातूनच बॅटरीकडे जात असल्याने तो स्वतः एक विद्युत्वाहकही आहे. दुरुस्ती करणाऱ्याने हे त्रिविध रूप लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

३. गंज आणि वाहिनी एकाच जागी का भेटतात

गंजलेल्या जागी नेमकी वाहिनी आढळणे हा दुर्दैवाचा भाग आहे असे कार्यशाळेत म्हटले जाते. परंतु यात योगायोगाचा अंश फार थोडा आहे.

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात, आणि पाण्यात क्षार विरघळलेले असल्यास क्रिया वेगाने होते. हिमप्रदेशात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून तेथील गाड्या खालून कुजतात. आपल्याकडे हे काम कोकणपट्टीची खारी हवा, पावसाळ्यातील चिखल आणि गाडी धुताना फटींत साचलेले पाणी करतात. ओलावा जेथे टिकतो तेथे गंज टिकतो, आणि ओलावा टिकण्यास फट व आडोसा लागतो. दोन पत्र्यांमधील अरुंद फटीत तर आणखी एक घटना घडते. फटीच्या तोंडाशी प्राणवायू विपुल असतो आणि तळाशी तो संपतो. या विषमतेमुळे तळाचा धातू धनाग्र बनून झिजत राहतो. म्हणून वरून रंग शाबूत असताही आतील पत्रा खाल्लेला आढळतो.

आता वाहिनी कशी बसवितात ते पाहावे. रस्त्यावरील दगडांचा मारा लागू नये म्हणून तिला आडोशाची जागा देतात. ती क्लिपने पत्र्यास जखडतात. त्या क्लिपखाली फट निर्माण होते व तीत चिखल धरतो. वाहिनी आरपार नेण्यासाठी छिद्र पाडतात. त्या छिद्राच्या कडेचा रंग व जस्ताचा थर जातो. छिद्रातील रबरी कडे निघून गेले की तेथूनच पाणी पोकळ नळीत शिरते आणि खालच्या टोकाशी साचते. सारांश, ज्या गुणांमुळे एखादी जागा वाहिनीस सुरक्षित वाटते त्याच गुणांमुळे ती गंजासही अनुकूल ठरते. खांबांची खालची टोके, मागील चाकांच्या कमानी, पायऱ्यांची पेटी, बॅटरीच्या पेटीचा परिसर आणि जमिनीखालील आडव्या तुळयांची बाहेरील टोके येथे दोन्ही एकत्र येतात, ते यामुळेच.

जेथे ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी सांगाड्यावर बसविलेला असतो तेथे प्रकार निराळा होतो. ओलाव्यात या दोन धातूंचा विद्युत्घट तयार होतो व ॲल्युमिनियम आधी झिजते. रिव्हेटभोवती दिसणारी पांढरी भुकटी हे त्याचेच लक्षण. राज्य परिवहनाच्या गाड्या दीर्घकाळ ॲल्युमिनियमच्या बांधणीच्या होत्या आणि अलीकडे सौम्य पोलादाच्या बांधणीकडे वळण्यात आले. दुरुस्तीच्या दृष्टीने यामुळे पांढऱ्या भुकटीचा प्रश्न कमी झाला असला तरी तांबड्या गंजाचा प्रश्न वाढला, हे ओघानेच आले.

गंजाचा आणखी एक गुणधर्म येथे महत्त्वाचा आहे. मूळ लोखंडाच्या मानाने गंजाचे आकारमान, त्याच्या प्रकारानुसार, सुमारे दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. त्यामुळे फटीत वाढणारा गंज दोन्ही बाजूंस दाब देतो, पत्रे फुगवितो आणि क्लिपमध्ये सापडलेल्या नळीस चेपतो. यास्तव पत्रा जेथे फुगलेला दिसतो तेथे वाहिनी आधीच दुखावलेली असण्याचा संभव गृहीत धरावा.

४. वाहिन्यांचे प्रकार व त्यांचे स्वभाव

सर्व वाहिन्यांस एकच नियम लावता येत नाही. प्रत्येकीचे भय निराळे आहे.

हवेच्या नळ्या. ब्रेकच्या मंडलात हवेचा दाब सुमारे ७ ते १० बार असतो. नळ्या काही ठिकाणी पोलादाच्या, परंतु पुष्कळ ठिकाणी नायलॉनच्या असतात. या कामी वापरले जाणारे नायलॉन १८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानास मऊ पडून दाबाखाली फुगू लागते. मागील चाकांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये हवेचा दाब गेला असता एक बलवान स्प्रिंग ब्रेक लावते. ही योजना सुरक्षिततेसाठी आहे. परंतु त्या डब्यात दाबून ठेवलेली स्प्रिंग हवा काढल्यावरही दाबलेलीच राहते. शेजारचा गंजलेला आधार काढताना तो डबा उघडणे प्राणघातक ठरू शकते.

इंधनाच्या नळ्या. डिझेल पेट्रोलइतके सहज पेट घेत नाही, यामुळे त्याविषयी एक प्रकारची बेफिकिरी आढळते. परंतु रिकाम्या मानलेल्या नळीत उरलेले डिझेल तापले की त्याची वाफ होते, आणि ती ठिणगीने पेटते. टाकीकडे जाणारी व परत येणारी अशा दोन नळ्या असतात. एक सापडली म्हणून शोध थांबवू नये.

विजेच्या तारा. तारांवरील सामान्य आवरण शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेस पुष्कळदा फ्यूजचे संरक्षण नसते. तिचे आवरण सांगाड्याच्या कडेवर घासून गेले तर जो प्रवाह वाहतो त्याने पत्रा वितळू शकतो.

नैसर्गिक वायूच्या नळ्या. पुणे महानगर परिवहनाच्या ताफ्यात या इंधनाच्या गाड्या पुष्कळ आहेत. टाक्यांतील वायूचा दाब सुमारे २०० बार, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या वीसपटीहून अधिक असतो. येथे वाहिनीच्या आडून वाट काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टाक्यांच्या झडपा बंद करून, नळीतील वायू विहित रीतीने मोकळा करून, मगच सांगाड्यास हात लावावा.

उच्च व्होल्टतेच्या तारा. पुणे महानगर परिवहनात २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर याच मार्गावर राज्य परिवहनाची ‘शिवाई’ ही विजेची गाडी सुरू झाली. या गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या तारांत शेकडो व्होल्ट असतात. २४ व्होल्टच्या मंडलात सांगाडा हा परतीचा मार्ग असतो. उच्च व्होल्टतेच्या मंडलात सांगाडा कधीही मार्ग होता कामा नये, अशी रचना असते. जुन्या गाडीवर शिकलेला हात या भेदामुळे नव्या गाडीवर घोर चूक करू शकतो. हे मंडल प्रशिक्षित व्यक्तीनेच तोडावे, आणि संधारित्रांतील विद्युत्भार ओसरल्याची मोजून खात्री करावी.

५. शोधाची पद्धत

छेदापूर्वीचा शोध हा दुरुस्तीचा आरंभ नसून तिचा अर्धा भाग होय. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

प्रथम दोन्ही बाजूंनी पाहणे. गंज ज्या बाजूने दिसला तिच्या उलट बाजूचे आच्छादन, म्हणजे आसनाखालची फळी, आतील पत्रा अथवा जमिनीवरील प्लायवूड, काढल्याखेरीज यंत्र हाती घेऊ नये. हे काम कंटाळवाणे असते आणि ते टाळण्याचा मोह सर्वांत अधिक येथेच होतो. आच्छादन काढण्यास जो वेळ लागतो तो दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात आधीच धरला नसेल, तर तो कारागिराच्या विश्रांतीतून अथवा सावधगिरीतून वजा होतो, आणि बहुधा सावधगिरीतून.

दुसरे, टोकांकडून मध्याकडे जाणे. मधल्या अदृश्य भागात काय आहे हे कळत नसले तरी वाहिनीची दोन्ही टोके दिसत असतात. दिवा, आरसा व लवचिक नळीचा लहान कॅमेरा यांच्या साहाय्याने प्रत्येक वाहिनी ज्या छिद्रातून शिरते व ज्यातून निघते ती छिद्रे खडूने चिन्हित करावीत. शिरणाऱ्या वाहिन्यांची संख्या व निघणाऱ्या वाहिन्यांची संख्या जुळली नाही, तर मध्ये एखादी फाटा घेते अथवा संपते असे समजावे.

तिसरे, त्याच बांधणीची दुसरी गाडी पाहणे. एकाच तुकडीत बांधलेल्या गाड्यांत मूळ वाहिन्यांचे मार्ग बहुधा सारखे असतात. शेजारी उभी असलेली, पत्रा उतरविलेली भगिनी-गाडी हा कागदी आराखड्याहून विश्वसनीय आराखडा होय. मात्र नंतर ओढलेल्या तारा तिच्यावरून कळत नाहीत.

चौथे, हाताने व कानाने तपासणे. अनुभवी फिटर खांबावर हलकेच ठोकून पाहतो. मोकळ्या पोकळीचा नाद, चिखलाने भरलेल्या पोकळीचा नाद आणि आत तारांचा जुडगा असलेल्या पोकळीचा नाद यांत त्यास फरक जाणवतो. एकाने एका टोकाशी तार हलवावी व दुसऱ्याने दुसऱ्या टोकाशी हात ठेवावा, ही रीतही तशीच साधी व उपयुक्त आहे. या ज्ञानास कोठे लेखी रूप नाही म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. ते लेखी नसल्याने नाहीसे होण्याचे भय मात्र आहे.

६. उष्णता आणि भरकटलेला प्रवाह

वाहिनीस धक्का न लावता काम केले, असे म्हणणाराही पुष्कळदा वाहिनी बिघडवितो. कारण करवतीचे पाते जेथे पोहोचत नाही तेथे उष्णता पोहोचते.

सौम्य पोलादात उष्णतेच्या प्रसाराचे मान दर सेकंदास सुमारे १२ चौरस मिलिमीटर असते. जाडीच्या वर्गास या मानाने भागले असता उष्णता त्या जाडीतून पसरण्यास लागणाऱ्या कालाचा स्थूल अंदाज मिळतो. ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी हा काल ९ भागिले १२, म्हणजे सुमारे पाऊण सेकंद येतो. म्हणजे टाका मारीपर्यंत मागील बाजू तापलेली असते, व तिला टेकलेली नायलॉनची नळी वाचण्याचा संभव नसतो. उलटपक्षी १०० मिलिमीटर अंतरासाठी हाच काल १०,००० भागिले १२, म्हणजे सुमारे ८३० सेकंद, अर्थात जवळजवळ १४ मिनिटे येतो. शिवाय अंतराबरोबर तापमानही झपाट्याने उतरते. या दोन अंकांतून कार्यशाळेचे दोन नियम निष्पन्न होतात. पहिला, पत्र्यास टेकलेल्या वाहिनीस ओले कापड अथवा पत्र्याची ढाल पुरेशी नाही. तिला पत्र्यापासून दूर सारलेच पाहिजे. दुसरा, वेल्डिंग सलग न करता थोडे थोडे, मध्ये थांबून, आळीपाळीने दोन टोकांस केले असता दूरच्या वाहिनीपर्यंत घातक उष्णता पोहोचत नाही.

नुकसानीचे स्वरूप येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. मऊ पडून पातळ झालेली नळी त्याच दिवशी फुटत नाही. गाडी कार्यशाळेतून निर्दोष भासत बाहेर पडते. पुढे दाबाच्या सहस्रावधी आवर्तनांनंतर, कदाचित एखाद्या घाटाच्या उतारावर, ती नळी दगा देते. ब्रेकची दोन स्वतंत्र मंडले असल्याने एकाची हवा गेली तरी दुसरे काम देते, हे खरे. परंतु थांबण्यास लागणारे अंतर वाढते, आणि घाटातील वळणावर वाढीव अंतर उपलब्ध नसते. चूक व तिचा परिणाम यांत महिन्यांचे अंतर पडल्याने कारण कळत नाही, आणि कारण न कळल्याने चुकीची पुनरावृत्ती होते.

विद्युत्प्रवाहाची गोष्ट अशीच आहे. पातळ पत्र्याच्या वेल्डिंगमध्येही शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. तो परतीसाठी सर्वांत सोयीचा मार्ग शोधतो. परतीचा चिमटा कामाच्या जागेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या टोकास लावला तर मधले गंजलेले सांधे त्यास अडवितात, आणि प्रवाह तारांचे वेष्टन, चाकांचे बेअरिंग अथवा इंजिन-नियंत्रकाचा अर्थ यांतून वाट काढतो. यास्तव बॅटरीचे ऋण टोक प्रथम व धन टोक नंतर सोडवावे, नियंत्रकांचे जोड काढावेत, आणि चिमटा जोडावयाच्या तुकड्याजवळ, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर लावावा.

७. छेदाची जागा ठरविणे

एक प्रातिनिधिक स्थिती घेतल्यास वरील विवेचन स्पष्ट होईल. मागील चाकापुढच्या आडव्या तुळईचे बाहेरील टोक गंजून पापुद्रे सुटले आहेत. तिच्या मागील अंगास हवेच्या दोन नळ्या व तारांचा एक जुडगा क्लिपने बांधलेला आहे. आणि गंजाची सीमा नळ्यांच्या क्लिपपाशीच संपते.

गंजाच्या सीमेवर कापावे तर जोड नेमका नळ्यांवर येतो. अशा वेळी तीन मार्ग संभवतात. वाहिनी हलविणे हा पहिला व सर्वांत श्रेयस्कर मार्ग. त्यासाठी चाकांस लाकडी ठोकळे लावून टाक्यांतील हवा काढावी, क्लिपा सोडाव्यात आणि नळ्या वळणाची मर्यादा सांभाळून दूर बांधाव्यात. लांबी पुरत नसेल तर ओढून ताणण्याऐवजी जोड सोडवावा. छेद हलविणे हा दुसरा मार्ग. येथे चांगल्या धातूचा काही भाग जाणूनबुजून बळी द्यावा लागतो व जोड वाहिनीपासून हातभर आत न्यावा लागतो. चांगले लोखंड कापण्यास कारागिराचे मन घेत नाही. तथापि निरोगी धातूवर दिलेला जोडच बळकट होतो, हाही त्यातील लाभ आहे. उष्णता टाळणे हा तिसरा मार्ग. गॅस कटरऐवजी हातकरवत व छिन्नी, आणि वेल्डिंगऐवजी बोल्टने अथवा रिव्हेटने बसविलेली जोडपट्टी वापरता येते. चॅसिसच्या लांब तुळयांच्या बाबतीत तर हा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. कारण त्यांच्या वरच्या व खालच्या पाळ्यांस छिद्र पाडण्यास अथवा वेल्डिंग करण्यास उत्पादक सामान्यतः मनाई करतात. ड्रिलचाही धोका विसरू नये. पत्रा भेदल्यावर ते झटक्याने आत घुसते. म्हणून त्याच्या पात्यावर पत्र्याच्या जाडीहून किंचित अधिक अंतरावर अडथळ्याचे कडे बसवावे.

कोणताही मार्ग घेतला तरी लगतच्या दोन तुळया एकाच वेळी कापू नयेत. आधार गेलेला सांगाडा काही मिलिमीटर जरी खचला तरी दाराची चौकट तिरकी होते, आणि जी वाहिनी कापण्यापासून वाचविली ती ताणली जाऊन तुटते.

८. पुनःस्थापना व परीक्षा

नवा तुकडा बसविल्यावर वाहिनी पूर्वीच्याच जागी बांधणे म्हणजे गंजास पुन्हा आमंत्रण देणे होय. क्लिपखाली रबराची पट्टी द्यावी, छिद्रात नवे कडे बसवावे, आणि शक्य तेथे वाहिनी पत्र्यापासून बोटभर सुटी ठेवावी. पोकळ नळीच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची छिद्रे वेल्डिंगने बुजली असल्यास मोकळी करावीत. वेल्डिंगने जळालेल्या भागावरील जस्त व रंग नाहीसा झालेला असतो. त्या जागेच्या बाहेरील बाजूस रंग व आतील बाजूस मेणासारखा संरक्षक थर द्यावा. बाहेरून रंगविलेला व आतून उघडा राहिलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात नव्याने गंजू लागतो.

परीक्षा तीन प्रकारची असावी. हवेचे मंडल पूर्ण दाबाने भरून इंजिन बंद करावे, सर्व हाताळलेल्या जोडांवर साबणाचे पाणी लावावे, व दाब ठराविक काळ टिकतो की नाही ते पाहावे. तारांच्या बाबतीत प्रत्येक मंडल भाराखाली चालवून पाहावे; विजेच्या गाडीत उच्च व्होल्टतेच्या मंडलाचा सांगाड्यापासूनचा विसंवाहक रोध मोजावा. तिसरी परीक्षा कालाची. काही आठवडे गाडी चालल्यानंतर तीच जागा पुन्हा उघडून पाहावी. नुकसान विलंबाने प्रकट होते असे वर म्हटले आहे. मग तपासणीही विलंबानेच परिपूर्ण होणार, हे उघड आहे.

९. उपसंहार

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले, आणि त्यात राज्य परिवहन उपक्रमांच्या गाड्याही आल्या. यामुळे गंजलेल्या सांगाड्याचा प्रश्न सुटला असे समजणे चूक ठरेल. आयुष्यास सीमा पडली. त्या सीमेच्या आतील गंज राहिलाच. शिवाय नवी गाडी ही जुन्या गाडीहून अधिक वाहिन्यांची आहे, म्हणून तिच्या सांगाड्याची पहिली दुरुस्ती जुन्या गाडीच्या शेवटच्या दुरुस्तीहून अवघड असणार. दीर्घकाळ उभी राहिलेली गाडीही फटींत साचलेल्या ओलाव्यामुळे आतून गंजत राहते, हे २०२० सालच्या टाळेबंदीसारख्या प्रसंगांचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यातून निघणारी सूचना साधी आहे. प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत वाहिन्यांचे एक पान असावे. जेव्हा जेव्हा पत्रा उघडला जाईल तेव्हा तेव्हा आत दिसलेल्या वाहिन्यांचे छायाचित्र व मोजमाप तेथे नोंदविले जावे, आणि नवी तार ओढणाऱ्या प्रत्येक कंत्राटदारावर तिचा मार्ग त्या पानावर काढून देण्याचे बंधन असावे. चॅसिस बनविणारा, सांगाडा बांधणारा व उपकरणे बसविणारा यांचे जे तीन तुटक ज्ञान आहे ते अशा पानावर प्रथमच एकत्र येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनास भरपूर वाव आहे. उष्णतेच्या वरील स्थूल अंकांची प्रत्यक्ष पत्र्यावर व नळीवर पडताळणी, अंशतः मऊ पडलेल्या नळीचे उरलेले आयुष्य, आणि ठोकून नाद ओळखणाऱ्या फिटरच्या ज्ञानाचे मोजमाप हे तीन विषय तर सहज सुचतात. त्यांसाठी लागणारी प्रयोगशाळा दूर नाही. ती दापोडीपासून निगडीपर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेली आहे. गंजाचा मार्ग पाणी ठरविते. दुरुस्तीचा मार्ग मात्र आडची वाहिनी शोधून मगच ठरविला जावा, एवढा विवेक त्या रस्त्यावरून रोज प्रवास करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.